दारातून तीन पुकारे

"मागे सरका जरा. हातात कपबशी असेल तर घट्ट धरा," काका म्हणाले.

पाहुणे हसले. दोघातिघांनी खरोखरच कप टेबलावर ठेवले.

काकांनी कोटाची कड ओढून सरळ केली, हॉलच्या दारात बरोबर मध्यभागी पाय जुळवून उभे राहिले आणि छाती भरून पुकारा केला. आधी खटल्याचा नंबर, मग एक बनवलेलं नाव, मग 'हजर व्हा'. असं तीनदा. खिडकीची एक सैल काच थरथरली. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत पेंगत असलेल्या एक आजीबाई दचकून जाग्या झाल्या आणि पर्स चाचपू लागल्या.

"एकतीस वर्षं मी ह्या दारात उभा राहिलो," काका म्हणाले. "खुनी आले, चोर आले, भावकीवाले आले, एकमेकांचं तोंड न बघणारे नवराबायको आले. पण मंडळी, एकतीस वर्षांत एकही माणूस असा निघाला नाही, की जो म्हणाला, मला ऐकू आलं नाही."

टाळ्या पडल्या. रोज चार वाजता ह्याच वाक्यावर पडायच्या. तेवढ्यात मागून एक साठीचा भरदार गृहस्थ शेजारच्या बाईंकडे वळून मोठ्याने म्हणाला, "ऐकलंस का गं? एकही माणूस नाही म्हणे."

लोक पुन्हा हसले. नवरा बायकोची थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. पण ते बहीणभाऊ होते, आणि बहीण हसली नाही. ती फरशीकडे बघत राहिली.

इमारत जुन्या कोर्टाची. कोर्ट शहराबाहेर नव्या जागेत गेलं, चार वर्षं इथे कबुतरांनी न्यायनिवाडा केला, आणि मग एका हॉटेलवाल्याने ती घेऊन असं काही रूप दिलं की जुने वकील आत येताना चपला झटकू लागले. न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये आता पाहुणे झोपतात. ज्या कोठडीत आरोपी घाम पुसत बसायचे, तिथे वाइनच्या बाटल्या थंड हवेत आडव्या पडलेल्या असतात. एक नंबरच्या कोर्टात जेवणाचा हॉल आहे, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात रोज ताजी फुलं ठेवतात.

काका ह्या कोर्टात पुकारा करणारे शिपाई होते. वकीलमंडळी त्यांना 'भोंगा' म्हणायची. दुसऱ्या कोणी राग मानला असता, पण काकांनी ते नाव पदवीसारखं मिरवलं. कोर्ट हललं तेव्हा ते पंचावन्नचे होते. नव्या कोर्टात नाव पडद्यावर उमटतं आणि घंटी वाजते. काकांनी ती घंटी एकदाच ऐकली, "हे काय, दळण झालं का?" असं विचारलं आणि घरी बसले. हॉटेल उघडलं तेव्हा मालक स्वतः त्यांना शोधत घरी आला होता, हे काका अजून सांगतात. सकाळी मुख्य दारात पाहुण्यांचं स्वागत आणि चार वाजता इमारतीची फेरी, एवढं काम. अभिप्रायाच्या वहीत लोक गाद्यांबद्दल एक ओळ लिहितात आणि काकांबद्दल चार. एका नवऱ्याने लिहिलं होतं की पुकारा ऐकल्यावर मला न केलेले गुन्हेही कबूल करावेसे वाटले. हॉटेलच्या माहितीपत्रकावर काकांचा फोटो आहे, आणि खाली तेच वाक्य, एकही माणूस असा निघाला नाही. पासष्टाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं असतं?

सहाच्या सुमाराला ती बहीण मुख्य दाराशी आली. अंगावर साधी, पण घडी मोडून आजच नेसलेली साडी. काकांनी दार उघडायला हात पुढे केला.

"बाहेर नाही जायचं मला," ती म्हणाली. "तुमच्याशीच बोलायचंय. दादा वर आंघोळ करतोय, तेवढ्यात."

"बोला ना ताई."

"अडतीस वर्षांपूर्वी मला तुम्ही पुकारलं होतं. एक नंबरच्या दारात."

काकांचा चेहरा फुलला. जुनी गिऱ्हाइकं अधूनमधून यायची. कोणी हक्काने फोटो काढून घ्यायचं, कोणी तुमच्या आवाजाने तेव्हा पळून जावंसं वाटलं होतं म्हणायचं. "मग? काय निकाल लागला?" त्यांनी विचारलं.

"मी आलेच नाही."

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. भाऊ गोदामात कामाला होता. तिथल्या मारामारीत मुकादमाचा हात मोडला आणि आळ भावावर आला. तो त्या संध्याकाळी तापाने फणफणून घरी पडला होता, आणि घरी त्याच्याजवळ फक्त ती होती. एकोणीस वर्षांची. तिची साक्ष एवढाच त्याचा बचाव होता. तारखेच्या दिवशी ती सकाळपासून व्हरांड्यात बसून राहिली. दुपारी भावाला पोलिसांनी आत आणून बसवलेलं तिने दारातून पाहिलं. त्याचे ओठ कोरडे पडले होते. आपला नंबर यायला अजून दोन प्रकरणं आहेत असं वकिलाने सांगितलं होतं, म्हणून ती तांब्या घेऊन मागच्या अंगणातल्या नळावर गेली. ती दोन प्रकरणं चुटकीसरशी पुढे ढकलली गेली. ती पाणी घेऊन आली तेव्हा साक्षीदार गैरहजर म्हणून लिहून झालं होतं. वकील चांगला असता तर त्याने काही केलं असतं. तो खांदे उडवून निघून गेला. भावाला दोन वर्षांची शिक्षा झाली.

"आदल्या दिवशी मुकादमाची माणसं दमदाटी करून गेली होती घरी," ती म्हणाली. "म्हणून दादाला वाटतं मी घाबरून लपले. तुरुंगात भेटायला गेले तेव्हा सांगितलं, दादा, मी नळावर होते, मला ऐकूच आलं नाही. तर म्हणाला, तो भोंगा अख्ख्या रस्त्याला ऐकू येतो आणि तुला नाही आला? त्यावर काय बोलणार?"

"शक्य नाही ताई," काकांच्या तोंडून निघून गेलं. "रस्त्यापलीकडचा पानवाला माझ्या पुकाऱ्यावर घड्याळ लावायचा. तुमचं लक्ष नसेल."

ती भांडली नाही. "असेल," म्हणाली. "मी वाद घालायला आले नाही. दादाने माझं सगळं केलं. लग्न लावून दिलं, बाळंतपणं केली. फक्त महत्त्वाचं असं मला कधी काही विचारलं नाही, आणि मी सांगितलेलं कधी धरलं नाही. हे दोन दिवसांचं राहणं त्याच्या मुलाने दिलंय. वहिनीने गुडघ्याचं निमित्त काढून तिच्या जागी मला पाठवलं. दादाला कधीपासून यायचं होतं. म्हणतो, ज्या दारातून मला हात बांधून बाहेर काढलं त्या दारातून आत जायचं, आणि माझी बॅग दुसऱ्याने उचलायची. उद्याही तो चार वाजता तुमच्या फेरीला येईल, त्याला आवडलं ते. तेवढं ते एक वाक्य उद्या म्हणू नका. परवा आम्ही जाऊ, मग रोज म्हणा."

काका "बघतो" म्हणाले. म्हणाले खरे, पण त्यांना ते फार लागलं होतं.

घरी गेल्यावर ते नेहमीच्या खुर्चीत बसले आणि तिथून हाक मारली, "अगं, चहा."

आतून उत्तर नाही. पुन्हा हाक. पुन्हा नाही. तिसऱ्या हाकेला काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"ऐकू येत नाही का?"

"आत कुकर, मिक्सर आणि माझी भांडी. कसं येईल? चाळीस वर्षं तुम्ही खुर्चीतूनच हाका मारताय. उठून आत येऊन एकदा मारा, लगेच ऐकू येईल."

एरवी काकांनी ह्यावर काहीतरी ठेवून दिलं असतं. आज ते नुसतं "बरं" म्हणाले. काकूंनी चहा आणून ठेवला, नवऱ्याच्या कपाळावर हात लावून बघितला आणि समोर बसल्या. मग काकांनी त्या बाईची गोष्ट सांगितली, आणि त्यानंतर एक अशी गोष्ट सांगितली जी त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती.

पुकाऱ्याचा नियम होता. पहिला कोर्टाच्या दारात, दुसरा व्हरांड्याच्या टोकाला जाऊन, तिसरा मागच्या जिन्याच्या अकरा पायऱ्या उतरून अंगणात. त्यांच्याआधीचा म्हातारा शिपाई खोकत खोकत, कण्हत कुथत, पण तिन्ही ठिकाणी जायचा. काका रुजू झाले चोविसाव्या वर्षी, आवाज असा की छप्पर उडावं. पहिल्याच आठवड्यात न्यायाधीश म्हणाले होते, "तुम्हाला खाली जायची गरज नाही, इथूनच चंद्रावर जाईल." त्या दिवसापासून काकांनी तिन्ही पुकारे दारातूनच केले. आळस म्हणून नाही. दारात उभं राहून तिन्ही ठिकाणं गाठायची ह्यातच तर ऐट होती.

"आणि नळ अंगणात आहे," काकू म्हणाल्या.

"अंगणात, रेकॉर्ड रूमच्या पलीकडे. दोन हात जाडीच्या भिंती."

"मग ऐकू येत असेल की नसेल?"

"मला काय माहीत," काका म्हणाले. "पुकारा करणारा एकाच वेळी दोन्हीकडे कसा उभा राहील?"

काकू उठल्या. जाताजाता म्हणाल्या, "ते वाक्य उद्या गाळलंत तर त्या बाईचा एक दिवस बरा जाईल. एवढंच करायचं असेल तर एवढंच करा." काकू तशा कमी बोलतात, पण बोलतात तेव्हा चहा गार होतो.

सकाळी नऊला हॉल नाश्त्याच्या पाहुण्यांनी भरलेला होता. बहीणभाऊ खिडकीजवळच्या टेबलावर होते. काका आपली मुख्य दाराची जागा सोडून आत आले आणि टेबलाशी उभे राहिले. बहिणीने त्यांच्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून.

"काय शिपाईबुवा, नाश्ता करणार?" भाऊ म्हणाला. तो खुशीत होता.

काकांनी बसायला नकार दिला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. तीन ठिकाणांचा नियम, अकरा पायऱ्या, दारातले पुकारे. आवाज न चढवता सांगितलं, ते त्यांना जड गेलं.

भाऊ ऐकत होता तोवर त्याची खुशी गेली. त्याने बहिणीकडे बघितलं. "काल संध्याकाळी तुम्ही दोघं दाराशी बोलत होतात. मी वरून पाहिलं. हिने पढवलंय तुम्हाला."

"त्यांनी एवढंच सांगितलं की ते वाक्य म्हणू नका. बाकीचं माझं आहे."

"तुमचा आवाज भिंतीने अडतो होय? काल ऐकलाय मी. आणि त्या दिवशीही ऐकलाय, त्या तिथे पिंजऱ्यात उभा राहून." त्याने फुलांकडे बोट दाखवलं. "तीनदा ऐकला. तीनदा दाराकडे बघितलं, आता येईल, आता येईल म्हणून. मला नका सांगू ऐकू येत नाही."

"दादा, राहू दे ना," बहीण म्हणाली. "झालं ते झालं."

"तुम्ही अंगणात जाऊन नळाशी उभे राहा," काका म्हणाले. "नळ तिथेच आहे, पितळेचा, पॉलिश करून शोभेला ठेवलाय. अंगणही तेव्हासारखंच उघडं आहे. मी इथून पुकारतो. तेव्हा तर खाली माणसांचा बाजार असायचा, आत्ता चिटपाखरू नाही. ऐकू आलं तर माझं खोटं, आणि ह्यांचंही."

"नको," बहीण म्हणाली. आता तिचा चेहरा उतरला. अडतीस वर्षं ती म्हणत आली होती की ऐकू आलं नाही, पण खरंच येत नाही की त्या घाबरलेल्या मुलीच्या कानांनी घात केला, हे तिलाही ठाऊक नव्हतं. भावाने वर येऊन "आलं की ऐकू" म्हटलं असतं तर तिच्याजवळ काहीच उरलं नसतं.

भाऊ उठला. हातरुमाल टेबलावर ठेवला. "मी खोटं बोलणार नाही," तो म्हणाला. "आलं तर आलं म्हणेन, नाही आलं तर नाही."

एक वेटर त्याला जिना दाखवायला गेला आणि परत आला. काका दारात जाऊन उभे राहिले. कोटाची कड ओढली. तेवढ्यात मॅनेजरबाई घाईघाईने आल्या.

"काका, काय चाललंय? आत्ता नको. लोक खातायत."

"मॅडम, पाच मिनिटं," काका म्हणाले. "कोर्ट चालू आहे."

मॅनेजरबाई तिशीच्या होत्या, आणि त्यांच्या हाताखाली दीडशे माणसं होती, पण त्या मागे झाल्या.

हळू पुकारलं असतं तर काम सोपं होतं. आवाज दोन बोटं खाली घेतला असता तर कोणाला कळलं असतं? बाईची सुटका झाली असती, आणि काकांनाही घरी जाऊन स्वतःला सांगता आलं असतं की जोर लावला असता तर पोचला असता. हे काकांच्या मनात आलं. पण एकतीस वर्षांत त्यांनी दारात उभं राहून कधी चोरटा पुकारा केला नव्हता, आणि आज तो करायचा म्हणजे मग राहिलं काय? त्यांनी पाय जुळवले. बहिणीला तिचं तेव्हाचं नाव विचारून घेतलं होतं, लग्नाआधीचं, बापाच्या नावासकट. ते नाव आता कुठल्या कागदावरही नसेल.

त्यांनी पुकारलं.

हॉलमध्ये चमचे थांबले. पुन्हा पुकारलं, आधीपेक्षा मोठ्याने. छताखालच्या पंख्याची साखळी किणकिणली. स्वयंपाकघरातून दोन आचारी टोप्या सांभाळत बाहेर आले. तिसऱ्यांदा काकांनी पोटापासून श्वास घेतला आणि जे होतं ते सगळं त्या नावात घातलं. मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. जुने वकील तिथे असते तर त्यांनी सांगितलं असतं की भोंग्याने आपल्या उमेदीतसुद्धा असा पुकारा केला नव्हता. रस्त्यावरचे लोक थांबून इमारतीकडे बघू लागले होते, हे नंतर बाहेरच्या गाडीवाल्यांनी सांगितलं.

मग काका दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. छाती भात्यासारखी हलत होती.

पहिल्याच पुकाऱ्याला बहीण उभी राहिली होती. एक हात टेबलाच्या कडेवर होता. तिला कोणी बस म्हटलं नाही, म्हणून ती उभीच राहिली. मॅनेजरबाईंनी पुढे होऊन तिला पाण्याचा ग्लास दिला, तो तिने घेतला आणि तसाच धरून ठेवला. सगळे मागच्या जिन्याच्या दाराकडे बघत होते. काय चाललंय हे निम्म्या लोकांना माहीत नव्हतं, पण जे बघायचंय ते त्या दारातून येणार एवढं कळलं होतं.

पाच मिनिटं गेली. मग आणखी पाच. काकांना वाटलं, ऐकू आलं असणार, आणि तो खाली बसून राग गिळत असणार. बहिणीलाही तेच वाटलं असावं, तिने डोळे मिटून घेतले.

जिन्यावर पावलं वाजली. अकरा पायऱ्या, सावकाश. भाऊ दारात आला. अंगणातल्या उन्हाने त्याचा चेहरा लाल झाला होता आणि तो चिडलेला दिसत होता.

"काय शिपाईबुवा," तो म्हणाला, "केव्हा पुकारणार आहात? मी कधीचा तिथे थांबलोय."

त्याने काकांकडे पाहिलं, ते चौकटीला धरून अजून धापा टाकत होते. मग थांबलेल्या चमच्यांकडे पाहिलं, आचाऱ्यांकडे पाहिलं, आणि शेवटी बहिणीकडे. ती उभी होती.